त्यांचा कारखाना ‘आजारी’, आमची संस्था ‘बोगस’

नगर-मनमाड रस्त्यावर ‘राहुरी फॅक्टरी’ नावाचा एसटी स्टॉप आहे. फॅक्टरी म्हणजे साखर कारखाना. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखाना. गेल्या दशकात या कारखान्याची चिमणी कित्येक हंगाम थंड राहिली. थकलेल्या कर्जापोटी जिल्हा बँकेने ताबा घेतला, कामगारांना थकीत पगारासाठी आंदोलने करावी लागली. पण गावाचे नाव फॅक्टरीच राहिले.

या स्टॉपजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही नेहमी बसतो. मध्यंतरी तिथे कारखान्याचा विषय निघाला. एक ओळखीचे बागायतदार म्हणाले, “कारखाना आजारी आहे. सरकारनं मदत केलीच पाहिजे. हजारो संसार आहेत त्याच्यावर.” आम्ही मान डोलावली, कारण म्हणणे खरे होते. दहा मिनिटांनी आमच्या ओळखीतल्या एका मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थेचा विषय निघाला. शासकीय कर्ज मिळाले, शेड उभी राहिली, यंत्रे चालू झाली नाहीत. तेच गृहस्थ लगेच म्हणाले, “त्या सगळ्या बोगस संस्था. सरकारचा पैसा खायची सवय लागलीय लोकांना.”

दोन्हीकडे पैसा सरकारचा, दोन्ही संस्था सहकारी, दोन्ही बंद. एकीला ‘आजारी’ म्हणतात, दुसरीला ‘बोगस’. आजाऱ्याला औषध द्यायचे असते, बोगसाला शिक्षा करायची असते. हा फरक त्या गृहस्थांनी मनाने तयार केलेला नाही. माणूस म्हणून ते वाईटही नाहीत, आमच्या कार्यक्रमांना वर्गणी देतात. ही भाषा त्यांना समाजव्यवस्थेने शिकवली आहे. या दोन शब्दांच्या मागे काय दडले आहे ते आज उलगडायचे आहे.

साखर कधी स्वतःच्या पायावर उभी होती?

साखर कारखानदारी शेतकऱ्यांच्या जिद्दीवर उभी राहिली, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. जिद्द होती, आम्ही नाकारत नाही. १९५० मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमवले आणि धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा अध्यक्ष झाला. हे काम मोठेच होते. पण त्या जिद्दीच्या खाली पाया कुणी घातला?

१९३२ मध्ये इंग्रज सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि परदेशी साखरेवर जबर आयातकर लावला. त्याआधी देशात तीसच्या आसपास साखर कारखाने होते. चार-पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले. म्हणजे या उद्योगाचा जन्मच सरकारी दाईच्या हातचा आहे.

त्याही आधी पाणी आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा पट्टा हिरवा केला. पुढे आमच्याच तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण झाले, २६ टीएमसीचे. धरणाचा पैसा सरकारचा, म्हणजे मीठ-काडेपेटीवरही कर भरणाऱ्या प्रत्येक माणसाचा. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांपेक्षाही कमी जमिनीवर असतो आणि सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी पितो, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नोंदवलेले आहे. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ पासून सरकारी पैशावर चालते. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र त्याचेच. बेणे, वाण, खताची मात्रा, सगळे सरकारी प्रयोगशाळेतून बांधापर्यंत पोचले.

आता भांडवल बघा. सहकारी कारखाना उभारायचा जो साचा महाराष्ट्रात रूढ झाला, त्यात सभासदांचे दहा टक्के, सरकारचे भागभांडवल तीस टक्के आणि साठ टक्के कर्ज. त्या कर्जालाही बहुधा सरकारचीच हमी. म्हणजे शंभरातले दहा रुपये ज्यांचे, ते मालक.

कारखाना चालू झाल्यावर तरी हात सुटला का? उसाचा किमान दर सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३५५ रुपये आहे. साखरेचा किमान विक्री दरही सरकारने ठरवला, २०१८ मध्ये किलोला २९ रुपये आणि २०१९ मध्ये ३१. साखर जास्त झाली तेव्हा इथेनॉलची वाट सरकारने काढून दिली. तेल कंपन्यांना ते घ्यायला लावले आणि आसवनी उभारायच्या कर्जावरचे व्याज निम्म्यापर्यंत किंवा सहा टक्क्यांपर्यंत स्वतः उचलले. सहकारी कारखान्यांना कर्जे देता यावीत म्हणून केंद्राने राष्ट्रीय सहकार विकास निगमला एक हजार कोटींचे अनुदान दिले, त्यावर दहा हजार कोटींपर्यंत कर्ज उभे राहायचे होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात कारखान्यांची जुन्या आयकराची कटकट मिटवली, तो दिलासाही सुमारे दहा हजार कोटींचा असल्याचे अर्थमंत्र्यांनीच सांगितले.

मित्रांनो, ही यादी आम्ही तक्रार म्हणून देत नाही. जगात कुठलाच उद्योग सरकारी आधाराशिवाय मोठा झालेला नाही. जपान असो की कोरिया, तिथेही सरकारने बोट धरूनच उद्योग चालायला शिकवले. आधार घेणे ही लाज नाही. आमचा आक्षेप वेगळाच आहे. शंभर वर्षे आधार घेतलेल्यांना ‘स्वावलंबी सहकारमहर्षी’ म्हणायचे आणि एक शिष्यवृत्ती घेणाऱ्या पोराला ‘सरकारचा जावई’ म्हणायचे, हा दुटप्पीपणा आम्ही मान्य करणार नाही.

दार उघडे होते, पण कुणाला?

“सहकार सगळ्यांना खुला होता, तुम्ही का नाही आलात?” असे आम्हाला विचारतात. प्रश्न चांगला आहे, उत्तर देऊ.

सहकारी कारखान्याचा मतदार सभासद व्हायचे तर ऊस पिकवावा लागतो. ऊस पिकवायला जमीन लागते, आणि नुसती जमीन नाही तर कालव्याखालची जमीन लागते. म्हणजे दारावर जात लिहिलेली नव्हती, जमीन लिहिली होती. पण या देशात जमिनीचा सातबारा आणि जातीचा दाखला हे एकाच शाईने लिहिले गेले आहेत.

आमच्या आजोबा-पणजोबांकडे जमीन होती ती वतनाची. गावकीची राबणूक करायची, निरोप घेऊन पळायचे, मेलेली ढोरे ओढायची, त्याबदल्यात मिळालेला तुकडा. तोही सगळ्या भावकीत वाटलेला. त्या वतनी जमिनींवरची जुडी सरकारने वाढवली, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तिला आले. कुठे भरली होती ही परिषद? हरेगावला! राहुरीपासून हाकेच्या अंतरावर, आज श्रीरामपूर तालुक्यात. आणि हरेगावला आणखी काय होते? बेलापूर कंपनीचा साखर कारखाना. एका बाजूला हजारो एकरांवर कंपनीचा ऊस डोलत होता आणि दुसऱ्या बाजूला त्याच मातीतले अस्पृश्य आपल्या दोन-दोन गुंठ्यांवरचा वाढीव कर रद्द करा म्हणून जमले होते. नगर जिल्ह्याचा औद्योगिक इतिहास लिहायचा असेल तर तो या चित्रापासून लिहावा लागेल.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९५८ च्या कायद्याने वतने गेली. गुलामी गेली हे चांगलेच झाले. पण जमीन परत मिळाली ती सारा भरून, आणि नवीन शर्तीवर. ही जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि बँकही तिच्यावर हात राखूनच कर्ज देते. विहीर, मोटार, पाइपलाइन यांना कर्ज लागते. ज्याला कर्ज नाही त्याला पाणी नाही, पाणी नाही त्याला ऊस नाही, आणि ऊस नाही त्याला शेअर नाही. कुणीही कुणाला ‘तू खालच्या जातीचा, बाहेर हो’ असे म्हणायची गरजच पडली नाही. नियमानेच काम केले.

मग एक मोठी संधी आली होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने बेलापूर कंपनीसारख्या खासगी कारखान्यांच्या हजारो एकर जमिनी सरकारकडे आल्या. त्या भूमिहीनांना वाटता आल्या असत्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये लाखो माणसे तुरुंगात गेली ती नेमकी याच मागणीसाठी. पण सरकारने १९६३ मध्ये शेती महामंडळ काढले आणि जमीन स्वतः कसायला घेतली. तेव्हा सांगितले, की उद्योगाला ऊस पुरवायचा आहे, तुकडे करून चालणार नाही. चला, मान्य. पण पुढे महामंडळ तोट्यात गेले आणि २०१२ पासून हीच जमीन खंडकऱ्यांना, म्हणजे ज्यांनी पूर्वी ती कंपन्यांना खंडाने दिली होती त्यांच्या वारसांना, परत द्यायला सुरुवात झाली. तेव्हा तुकडे केलेले चालले! आणि ज्यांनी पन्नास वर्षे त्या मळ्यांवर खुरपे चालवले, दारे धरली, त्या कामगारांना काय? त्यांना राहत्या घरापुरती दोन गुंठे जागा द्या म्हणून मोर्चे काढावे लागले. खंडकऱ्यांचा हक्क आम्ही नाकारत नाही. पण ज्याची जमीन खंडाने गेली त्याचा हक्क सरकारला पन्नास वर्षांनी आठवतो आणि ज्याचे आयुष्य गेले त्याचा आठवत नाही, हे कसे?

कोयत्याचे नाव कोणत्या वहीत?

साखर तीन जणांच्या घामातून होते. पिकवणारा, तोडणारा आणि गाळणारा. पिकवणारा सभासद आहे. गाळणाऱ्या कामगाराचे नाव हजेरीपटावर आहे, त्याची युनियन आहे, वेतन करार आहे. पगार थकला तरी तो कुणाच्या दारात बसायचे हे त्याला ठाऊक आहे. तोडणारा कुणाचा?

आम्ही दर हंगामात कोप्यांवर जातो. पोरांची नावे लिहितो, साखरशाळेत किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचा प्रयत्न करतो. गेल्या हंगामात पाथर्डीकडून आलेल्या एका ताईंना आम्ही सहज विचारले, “कोणत्या कारखान्याला आलात?” त्या मोळी बांधताना थांबल्या, थोडा विचार केला आणि मुकादमाचे नाव सांगितले. “आमी मुकादमाकडं हाव दादा. कारखान्याचं आमाला काय ठावं.” चार महिने त्या कारखान्यासाठी ऊस तोडत होत्या, त्या कारखान्याचे नावही त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. आणि कारखान्याकडे त्यांचे नाव नव्हते. व्यवस्थेची सगळी थिअरी एम.ए.ला शिकलो, पण ती त्या एका वाक्यात जास्त कळली.

नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. बाईचे वेगळे नाव नाही, वेगळी मजुरी नाही. दसरा-दिवाळीला उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत राबायचे, फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधील. आजारी पडून एक दिवस बुडाला तर खाड्याचा दंड. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. पहाटे तीन-चारपासून अंधार पडेपर्यंत राबून जोडीने दोन टन तोडला तर दोघांचे मिळून सव्वासातशे होतात. हिशेब तुम्हीच करा.

याची किंमत शरीराने कशी चुकवली जाते हे २०१९ मध्ये बीडमधून जगाला कळले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आकडा आला, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली. पाळी आली की खाडा होतो, खाडा झाला की दंड. म्हणून पिशवीच काढून टाकायची! ज्या साखरेचा चहा आपण पितो, ती या हिशेबातून आलेली आहे.

सरकारने यांच्यासाठी काय केले? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ काढले. कारखान्यांकडून टनाला दहा रुपये आणि तितकीच भर सरकारची. मुलांसाठी वसतिगृहे सुरू झाली, त्याचे स्वागतच आहे. पण तुलना करा. एक टन उसाचा किमान दर ३,५५० रुपये आणि तोच टन तोडणाऱ्याच्या कल्याणाला कारखान्याचे दहा रुपये. आणि २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्राला अनुदान निघाले, किमतीच्या चाळीस टक्के किंवा जास्तीत जास्त पस्तीस लाख! माणसाला काढून टाकणाऱ्या यंत्राला पस्तीस लाख. त्या यंत्रामुळे ज्याचा कोयता हातातून जाणार, त्याचे पुनर्वसन करणारा एक कागद कुणी आम्हाला दाखवावा. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते. माणसाला विसावा आणि माणूसपण मिळायचे तर यंत्र हवेच, दोष यंत्राचा नाही, ते कुणाच्या मालकीचे आहे त्या व्यवस्थेचा आहे, हे त्यांनी गांधीवाद्यांना ठणकावून सांगितले. आमचा प्रश्नही मालकीचाच आहे.

एका खुर्चीचे राजकारण

लगेच कुणीतरी म्हणेल, “संचालक मंडळात तुमच्यासाठी राखीव जागा आहे ना!” आहे. सहकार कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना मिळून एक जागा दिली आहे. एक इतर मागासवर्गाला, एक भटक्या-विमुक्तांना, दोन स्त्रियांना.

पण त्या एका जागेवर निवडून कोण देते? सगळे सभासद. आणि सभासद कोण, ते वर सांगितले. म्हणजे दलित संचालक कोण असावा हे बागायतदारांचे पॅनेल ठरवते. त्याला तिकीट पॅनेल देते, त्याचा खर्च पॅनेल करते. बैठकीत तो कुणाकडे बघून हात वर करेल? वाचकहो, हे चित्र ओळखीचे वाटते का? १९३२ चा पुणे करार! आमचा प्रतिनिधी, पण मते त्यांची. बाबासाहेबांनी संयुक्त मतदारसंघाचा जो धोका आयुष्यभर सांगितला, त्याचे छोटे, साखरेत घोळलेले मॉडेल प्रत्येक कारखान्याच्या बोर्डरूममध्ये बसलेले आहे. ऊस तोडणारा त्या मतदारयादीत नाहीच, मग त्याचा प्रतिनिधी तिथे येणार कुठून?

प्रा. बी. एस. बाविस्कर यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या कोपरगावच्या कारखान्याचा समाजशास्त्रीय अभ्यास केला आणि सहकारी कारखाना हे केवळ साखर बनवायचे यंत्र नसून सत्ता बनवायचे यंत्र कसे आहे ते दाखवले. कारखान्यातून जिल्हा बँक, बँकेतून पंचायत समिती, तिथून विधानसभा. शाळा, कॉलेज, दवाखाना, दूध संघ, सगळ्याच्या किल्ल्या एका जुडग्यात. त्यामुळे सरकारने साखरेला दिलेला रुपया हा नुसता उद्योगाला दिलेला रुपया नसतो. गावातल्या एका विशिष्ट सत्तेला दिलेला तो रुपया असतो.

मग बोगस कोण?

आता टपरीवरच्या दुसऱ्या शब्दाकडे येऊ. २००४ पासून राज्यात अनुसूचित जातींच्या औद्योगिक सहकारी संस्थांना अर्थसाहाय्याची योजना आहे. संस्थेचे पाच टक्के, सरकारचे भागभांडवल पस्तीस टक्के, सरकारचे दीर्घ मुदतीचे कर्ज पस्तीस टक्के आणि वित्तसंस्थेचे कर्ज पंचवीस टक्के. साखरेच्या दहा-तीस-साठच्या साच्याशी ताडून बघा, एकाच घरातली दोन भावंडे वाटतील.

या योजनेत घोटाळे झाले. आम्ही लपवणार नाही. कित्येक संस्थांनी पैसे उचलले आणि उत्पादनाचा एक नग बाहेर पडला नाही. आमच्यातल्याच काही पुढाऱ्यांनी समाजाच्या नावावर गाड्या घेतल्या. त्यांना आम्ही समाजाचे गुन्हेगारच म्हणतो. काही ठिकाणी तर सभासद आमचे, सह्या आमच्या आणि पडद्यामागचा मालक तालुक्यातला कुणी प्रस्थापित, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सही करणाऱ्या म्हातारीला आपण चेअरमन आहोत हेच माहीत नव्हते.

पण ज्या संस्था खऱ्या होत्या, त्या का बुडाल्या? कर्जाचा हप्ता वेळेवर आला नाही, वित्तसंस्थेच्या पंचवीस टक्क्यांवर घोडे अडले, वीजजोडणी मिळाली नाही, आणि माल तयार झाला तर घेणारा कुणी नव्हता. साखरेला सरकारने किमान विक्री दर दिला, इथेनॉलला ठरलेले गिऱ्हाईक दिले. आमच्या संस्थेच्या मालाला कोणता दर, कोणते गिऱ्हाईक दिले? मुलाला विहिरीत ढकलायचे आणि वरून म्हणायचे, याला पोहता येत नाही!

आता उलट बाजू बघा. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले. त्या बँकेच्या कर्जांत बुडालेले कारखाने लिलावात निघाले. एकेकाळी सगळ्या राज्यात सहकारी साखरेचाच बोलबाला होता. आज गाळप करणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी निम्मे खासगी आहेत. सहकारी कारखाना आजारी पडतो आणि त्याच शिवारातल्या उसावर खासगी कारखाना ठणठणीत चालतो, हा कसला आजार? तरीही कुणी म्हणाले का, की ‘या समाजाला बँक चालवता येत नाही, यांना पुन्हा एक रुपया देऊ नका’? कुणीही नाही, आणि म्हणूही नये. काही माणसांच्या पापाची जबाबदारी सगळ्या समाजावर टाकणे हाच तर जातीयवाद आहे. आमच्याबाबतीत मात्र हाच न्याय बिनदिक्कत लावला जातो. त्यांचा चोर हा व्यक्ती असतो, आमचा चोर हा जात असतो.

काही आक्षेप

“तुम्ही शेतकऱ्यांच्या विरोधात आहात.” अजिबात नाही. एक-दोन एकरवाला ऊस उत्पादक आणि कारखान्याचा चेअरमन हे एकाच जातीचे असतील, पण एका वर्गाचे नाहीत. चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा असून महिनोन्‌महिने बिलाची वाट बघतो तो छोटा शेतकरीच. काटा मारला जातो तो त्याच्याच गाडीचा. त्याने आमच्याबरोबर यावे, जातीच्या पॅनेलने त्याला गुलालापलीकडे काही दिलेले नाही.

“ऊसतोड कामगार तर बहुतेक वंजारी, बंजारा. तुम्हाला त्यांचे काय?” कोप्यांवर वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत, पारधी आहेत, गरीब मराठाही आहेत. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष होता, एका जातीचा पक्ष नव्हता. दुःख आहे तिथे जायचे, ही तर तथागताची शिकवण.

“कारखाना बंद पडला तर तुमचेच लोक उपाशी मरतील.” खरे आहे. म्हणूनच कारखाना चालू झाला पाहिजे, राहुरीचाही आणि इतरही. बंद कारखान्याचा पहिला बळी हजेरीपटावर नसलेला माणूस असतो. आमचे म्हणणे एवढेच, की लोकांचा पैसा देताना लोकांच्या अटी घाला.

आमच्या अटी

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हा मसुदा संविधान सभेसाठी लिहिला. त्यात त्यांनी मागितले होते, की मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, शेती हा सरकारी उद्योग असावा आणि जमीन जात-धर्म न बघता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी. सरकारने त्यातला अर्धा भागच उचलला. पैसा सरकारने घातला, मालकी मात्र जुन्याच वाड्यांवर ठेवली. तोट्याचा समाजवाद आणि नफ्याची पाटीलकी! बाबासाहेबांचा राज्य समाजवाद उलटा केला की नगर जिल्ह्याचा सहकार तयार होतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. यापुढे कोणत्याही साखर कारखान्याला, सहकारी असो वा खासगी, सरकारी भागभांडवल, कर्जहमी, व्याजसवलत किंवा पुनर्वसनाचे पॅकेज द्यायचे असेल तर चार अटी आधी लिहून घ्या.

पहिली, प्रत्येक ऊसतोड कामगाराची, बाईची आणि पुरुषाची स्वतंत्र, नोंद कारखान्याच्या वहीत झाली पाहिजे आणि मजुरी मुकादमाच्या हातात नाही तर तिच्या-त्याच्या खात्यात गेली पाहिजे.

दुसरी, सरकारच्या भागभांडवलाचा एक वाटा तोडणी कामगारांच्या नावाने शेअर म्हणून ठेवावा. ऊस पिकवणारा सभासद होऊ शकतो तर ऊस तोडणारा का नाही? त्यांचे संचालक त्यांनीच निवडावेत, पॅनेलने नव्हे.

तिसरी, तोडणी यंत्राला अनुदान देताना त्या यंत्राने विस्थापित होणाऱ्या कोयत्यांच्या पुनर्वसनाची तरतूद त्याच आदेशात असावी. यंत्रे कामगारांच्या सहकारी संस्थांना आधी द्यावीत.

चौथी, अनुसूचित जातींच्या औद्योगिक संस्थांना भांडवलाबरोबर बाजारही द्यावा. कारखान्यांना लागणारी पोती, सुटे भाग, गणवेश, दुरुस्ती यांची ठरावीक टक्के खरेदी या संस्थांकडून बंधनकारक करावी. ज्या बोगस निघतील त्यांच्यावर खुशाल गुन्हे दाखल करा, आम्ही साक्ष द्यायला येऊ. पण तेच कलम कारखाना बुडवणाऱ्या संचालकालाही लावा.

टपरीवरच्या त्या गृहस्थांना आम्ही हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तोडणाऱ्याला शेअर? असं कधी झालंय का?” आम्ही म्हणालो, १९५० च्या आधी शेतकऱ्याच्या मालकीचा असा कारखानाही या भागात कधी झाला नव्हता. तेव्हाही सावकार आणि कंपनीवाले हसलेच असतील. ते काही बोलले नाहीत, चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

येत्या हंगामात कोप्या पडतील तेव्हा आम्ही वही घेऊन जाणार आहोत. कारखान्याने नोंद केली नाही तर आम्ही करू. बाईचे नाव, पुरुषाचे नाव, गाव, पोरांची शाळा, उचल किती, आणि वरच्या ओळीत कारखान्याचे नाव. ती वही घेऊन तहसीलवर जायचे आहे. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, राहाता या तालुक्यांतल्या ज्या तरुणांना यायचे असेल त्यांनी मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाची आमंत्रणे निघायच्या आत आम्हाला भेटावे. तिथे नारळ फोडायला पुष्कळ जण असतात. कोप्यांवर जायला माणसे कमी पडतात.

जय भीम!